एक्याण्णवचा रिकामा चौकोन

प्रिय दादा,

पायांवर डोकं ठेवून पत्राला सुरुवात करायची आपल्या घरची रीत. आज डोकं तिथवर न्यायचीही लाज वाटते. म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलं.

तू गेलास त्याला किती वर्षं झाली! एवढ्या काळात मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. मग आजच का? तर परवा रविवारी आपल्या मुक्ताच्या कॉम्प्युटरने तुझ्याविषयी एक साधा प्रश्न विचारला आणि मी, जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला मास्तर, पंचाहत्तरीत येऊन खोटं बोललो. तेही पहिल्यांदा नाही. प्रश्न तोच, खोटंही तेच.

मुक्ता कोण, ते तुला ठाऊक नसणार. विजूची मुलगी. ज्या विजूला तू खांद्यावर बसवून लालबागच्या चिवड्याच्या दुकानांवरून मिरवत आणायचास, त्याला आता टक्कल पडलंय. त्याची ही लेक डोंबिवलीला राहते आणि रविवारी आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे येते. तिला सध्या एकच वेड आहे, घराण्याची वंशावळ. ती कॉम्प्युटरवर करायची, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं म्हणे. प्रत्येक माणसाची एक आडवी रांग. त्या रांगेत जन्म, लग्न, मृत्यू, आणि प्रत्येक जनगणनेचा एकेक चौकोन. त्या जनगणनेत हा माणूस कुठे होता, कोणाच्या घरात मोजला गेला, ते तारखेसकट भरायचं.

"आजोबा, तुम्ही स्वतः गणक होतात ना? मग तुमच्याकडे काहीतरी असेलच!"

होतंच. शिक्षकांना जनगणनेचं काम लागतं, तसं मलाही दोनदा लागलं. एक्याऐंशीला आणि एक्याण्णवला. सरकारी कागद सरकारकडे गेले, ते कधी कोणाला बघायला मिळत नाहीत. पण मी आधी कच्च्या वहीत लिहून मग पक्कं करणारा माणूस. त्या दोन वह्या ट्रंकेत कवितांच्या वह्यांखाली होत्या. मुक्ताने त्या अशा हातात घेतल्या, जसं काही सोनंच सापडलं!

आणि लगेच आमचं भांडण. मी सांगितलं, एक्याऐंशीची तारीख लिही, फेब्रुवारीतली, मी आपल्या खोलीची नोंद केली तो दिवस. ती म्हणाली, "नाही आजोबा. ती तुमच्या भेटीची तारीख. जनगणनेची तारीख सगळ्या देशाला एकच द्यायची, एक मार्च. नाहीतर घरोघरी वेगळी तारीख पडते आणि याला वाटतं, प्रत्येक घराची मोजणीच वेगळी. भेटीचा दिवस खाली टिपेत लिहू."

मी म्हटलं, "अगं, हे तू मला शिकवतेस?"

"मग काय झालं? तुम्ही बाबांना शिकवलं, बाबा मला रोज शिकवतात, मी परत तुम्हाला. सर्कल पूर्ण!"

पण खरं सांगू, तिचंच बरोबर होतं. आणि त्या एका तारखेने काय करून दाखवलं बघ. माझ्या वहीत तुझं वय बेचाळीस. एक मार्च एक्याऐंशीला बेचाळीस, म्हणजे जन्म अडतीसचा नाहीतर एकोणचाळीसच्या पहिल्या दोन महिन्यांतला. सॉफ्टवेअरने 'सुमारे' असं लिहून दोन्ही वर्षं पुढे केली. मुक्ता विचारते, "आणखी काही माहीत आहे?" मला आईचं बोलणं आठवलं. भाताची कापणी चालू होती, विळा हातातून ठेवून ती घरी आली आणि तू झालास. कापणी म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. मग एकोणचाळीस बादच! दादा, तुझं जन्माचं वर्ष सापडलं रे! तू हयातभर म्हणायचास, "माझो वाढदिवस भाताकच म्हायत." मुक्ताने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

त्या आनंदातच पुढचं घडलं.

ती तुझी रांग पुढे सरकवत गेली. एकाहत्तर: चाळीतली खोली. एक्याऐंशी: चाळीतली खोली, कुटुंबप्रमुख. मृत्यू, शहाण्णव. आणि मधला एक्याण्णवचा चौकोन रिकामा, त्यावर पिवळी खूण. मुक्ता म्हणाली, "हे बघा, हे असं करतं. माणूस जिवंत होता, मग या जनगणनेत कुठे होता, असं विचारतंय. एक्याण्णवच्या वहीत तर आपल्या घरात चारच जण आहेत. तुम्ही, आजी, बाबा, आत्या. मोठे आजोबा कुठे होते?"

एवढाच प्रश्न.

सुमन दाराशी शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गावी होता," मी म्हणालो.

मुक्ताने गावाचं नाव टाइप केलं. पिवळी खूण गेली. नकाशावर लालबागपासून कोकणापर्यंत एक रेघ उमटली, पुन्हा लालबागला परत आली. माझ्या थापेवरून काढलेली ती रेघ इतकी सरळ आणि सुंदर होती की काय सांगू! येत्या रविवारी ती ही सगळी वंशावळ घरच्यांना पाठवणार आहे, मुंबईत, गावी, आतेभावांकडे, सगळीकडे. मग ते कायमचं झालं. कारण सरकारी कागद कोणी बघणार नाही, वहीत तू नाहीस, आणि जे खरं झालं ते सांगणारा माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

मुक्ता गेल्यावर सुमन शेंगांच्या टरफलांची सुपली उचलत एवढंच म्हणाली, "तेव्हाही मी विचारलं होतं."

दादा, ते 'तेव्हा' तुला सांगायला नको. पण मला माझ्या हाताने ते एकदा लिहून काढायचं आहे. कच्चं नव्हे, पक्कं.

तुला आठवतं, मी सातवीत असताना तू गिरणीतल्या तिसऱ्या पाळीवरून येऊन माझ्याकडे तोंड करून झोपायचास? खोलीत आणखी तिघे पाळीवाले झोपलेले असायचे. मला कविता पाठ करायच्या असत, पण आवाज काढायची सोय नव्हती. मी नुसते ओठ हलवून पाठ करायचो. आणि एक दिवस तू डोळे किलकिले करून, अर्ध्या झोपेत म्हणालास, "बाळ्या, तिसरी ओळ चुकलीस." मी उडालोच! तू चौथीनंतर शाळा पाहिली नव्हतीस. मग हसत हसत सांगितलंस, साचेखात्यात शंभर साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट, तिथे कानाने काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. माझी आख्खी पाठ्यपुस्तकं तू माझ्या ओठांवरून पाठ केली होतीस! नदीवरची, पाखरांची, आईवरची. पुढे मी मास्तर झालो तो तुझ्या पगारावर, हे सगळी चाळ जाणत होती. पण माझ्या कविता मी एकटाच शिकलो नाही, हे मात्र फक्त मला आणि तुला माहीत होतं.

एक्याऐंशीला मला पहिल्यांदा गणकाचं काम मिळालं तेव्हा किती मिजास होती माझी! सूचनांचं पुस्तक मी तुला मोठमोठ्याने वाचून दाखवायचो. एक मार्चच्या सूर्योदयाच्या क्षणी देशात जितकी माणसं श्वास घेत असतील, तितकी मोजायची. तो 'सूर्योदयाचा क्षण' वाचून मी वेडाच झालो होतो. म्हटलं, दादा, सरकारी कागदात ही कविता आली कुठून? तू विडीची राख झटकत विचारलंस, "आणि ज्येका घर नाय तो?"

मी तोऱ्यात सांगितलं, "त्याचीही सोय आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी. एकही माणूस सुटता कामा नये. राजाही नाही आणि भिकारीही नाही."

"बरा आसा," म्हणालास.

आपल्या घराची नोंद मी तुझ्यासमोर बसून केली. कुटुंबप्रमुख: तू. काम: गिरणीत, साच्यावर. "चार साचे चालवतंय, ता लिव," तू छाती काढून म्हणालास. त्या रकान्यात साच्यांचा आकडा लिहायची जागा नव्हती. मी वहीत लिहिला. अजून आहे.

आणि वर्षही पुरं झालं नाही तोच संप.

पहिलं वर्ष तू अंघोळ करून, डबा घेऊन फाटकावर जायचास. डबा कशाला, असं सुमनने विचारलं तर म्हणायचास, "आज मिटला तर? उपाशी साचे चालवू?" मग डबा थांबला. मग गावी वहिनी वारली. पुढे गिरणीचं फाटक उघडलं ते निवडक लोकांसाठी, त्यात तू नव्हतास. आणि तू डंकावर लागलास, लालबागच्या मसाल्याच्या डंकावर, मिरच्या कांडायला.

इथून माझी लाज सुरू होते. नाही, खोटं नको. इथून मला तुझी लाज वाटायला लागली. आजची लाज वेगळी.

तू संध्याकाळी घरी यायचास तो केसांपासून नखांपर्यंत लाल. दारात उभा राहून कपडे झटकायचास तरी दहा बाय बाराची ती खोली शिंकायला लागायची. पोरं हसायची. तूही हसायचास, "माझ्या स्वागताक तोफा!" मला हसू यायचं नाही. माझ्या वर्गातली मुलं त्याच डंकावर आयांबरोबर मसाला आणायला यायची. एकदा एकाने भर वर्गात सांगितलं, "सर, तुमचे भाऊ आमच्या मिरच्या कुटतात." मी त्याला पट्टी मारली. कशाबद्दल? त्याच तासाला मी फळ्यावर भावाभावांच्या प्रेमाची कविता लिहिली होती आणि सगळ्या वर्गाकडून चालीवर म्हणून घेतली होती!

मग एक्याण्णव आलं.

फेब्रुवारीतला रविवार होता. मी पुन्हा गणक. या वेळी वरिष्ठ शिक्षक, माझ्या हाताखाली शिकलेले दोघे जण माझ्याबरोबर कामाला. मी खाटेवर बसून आपल्या खोलीची नोंद घेतली. पहिला रकाना, कुटुंबप्रमुख. आणि पेन तिथेच अडकलं.

घर आता मी चालवत होतो. मनात होतं, इथे आता माझं नाव यावं. का? त्या कागदावर काही मिळत नाही, कोणी तो वाचत नाही, दहा वर्षांनी कोणाला आठवतही नाही. तरी हवं होतं. पण मोठा भाऊ घरात असताना धाकट्याचं नाव त्याच्या वर लिहायचं? हात धजेना. आईने तसं वाढवलं नव्हतं. ताट पहिलं तुझं, गणपतीच्या आरतीचं तबक पहिलं तुझ्या हाती. तुझं नाव दुसऱ्या जागी लिहिणं मला पाप वाटलं, दादा. म्हणून मी काय केलं? तुझं नावच लिहिलं नाही! तुझा मान मोडू नये म्हणून तुलाच घरातून काढलं. असा मान कोणी ठेवला असेल का रे जगात?

सुमनने वाकून पाहिलं. "भावोजींचं नाव कुठाय?"

"त्याचं गावी लागेल," मी म्हणालो. "दोन दोन महिने गावी असतो तो. नियम आहे तसा."

नियम तसा नव्हता. तू शिमग्याला गेलास तर पंधरा दिवस. मला पक्कं ठाऊक होतं. तू दाराशी गॅलरीत बसून सदऱ्याला बटण लावत होतास. मान वर केलीस.

"गावाक कोण आसा रे आता, माका मोजूक?"

"तिथले मास्तर येतील की घरोघरी."

घराला तर कुलूप होतं. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "बरं."

आणि दात लावून दोरा तोडलास.

तू का बोलला नाहीस, दादा? माझी तक्रार एवढी एकच आहे, आणि ती करायचाही मला हक्क नाही. एक थोबाडीत द्यायची होतीस! लहानपणी गोट्या चोरल्या तेव्हा दिलीच होतीस ना? 'बरं' काय म्हणालास? ते 'बरं' मी चौतीस वर्षं गिळतोय, अजून खाली उतरत नाही.

मार्चच्या एक तारखेला सकाळी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत घाग सर डोळे चोळत बसले होते. त्यांच्याकडे आदल्या रात्रीची बेघरांची मोजणी होती. चहा पीत ते सगळ्यांना गमती सांगत होते.

"अहो, गिरणीच्या भिंतीकडे एक जण भेटला. बाकीचे झोपलेले, काही प्यायलेले, हा मात्र अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाट बघत बसलेला! मला म्हणतो, मास्तर, आधी माझा फॉर्म भरा. विचारलं, शिक्षण? म्हणे, चौथी. पण कविता पाठ आहेत, त्या लिहायला जागा आहे काय?"

सगळे हसले. मीही ओठ ताणले.

"काम विचारलं, तर साचेवाला, संपावर. म्हटलं, काका, संप होऊन जमाना झाला! तर म्हणतो, मागे कोणी घेतला? घेतलेला कागद दाखवा, मग खोडा. काय बोलणार? लिहिलं."

"आणि घर?" मी विचारलं.

"तेच तर! म्हणाला, घर आहे. पण तिथली मोजणी झाली." घाग सरांनी कप खाली ठेवला. "तुमच्याच आडनावाचा होता हो. नात्यातला कोणी?"

दादा, त्या खोलीत आठ माणसं होती. खिडकीतून ऊन आलं होतं, फळ्याच्या खडूची धूळ त्यात तरंगत होती.

"आमच्या गावाकडचा असेल कोणी," मी म्हणालो.

संध्याकाळी तू आलास तो रोजच्यासारखा लाल. पोरांसाठी पुडीत चिवडा. त्यांनी शिंका दिल्या, तू तोफांचा विनोद केलास. जेवताना भाताचा घास हातात धरून विचारलंस, "झाली रे शिरगणती?"

"झाली."

"कोण सुटलं नाय ना?"

"नाही."

"मग ठीक."

एवढंच. तू सुटू नये म्हणून, तू माझंच वाक्य ऐकून, माझ्याच सरकारचा नियम पाळून, अंघोळ करून भिंतीशी जाऊन बसलास! मी लाजू नये म्हणून तिथे माझं नावही घेतलं नाहीस. मी मात्र मान खाली घालून आमटी ओरपत होतो.

तरीही वेळ गेलेली नव्हती. पुढचे पाच दिवस फेरतपासणीचे असतात. घरोघरी पुन्हा जायचं, कोणी राहिला असेल तर जोडायचा, चुकला असेल तर दुरुस्त करायचा. मी पाच दिवसांत चाळीतली प्रत्येक खोली पुन्हा पाहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीच्या वयातली दोन वर्षांची चूक शोधून काढली! माझ्या स्वतःच्या खोलीच्या पानावर बरोबरची खूण करून पुढे गेलो. मनाला काय सांगितलं, ऐक: त्याची नोंद आता दुसरीकडे झालीय, इथे पुन्हा केली तर एक माणूस दोनदा मोजला जाईल, तो देशाचा अपराध. वा रे मास्तर! नियम मला तोंडपाठ होते आणि त्यांतला सोयीचा तेवढा मी निवडला.

त्याच महिन्यात तू मला चाळमालकाच्या मेहताजींकडे घेऊन गेलास. खोलीची भाडेपावती इतकी वर्षं तुझ्या नावावर होती. "हेच्या नावार करा," तू त्यांना सांगितलंस. मी म्हटलं, "दादा, कशाला?" तू म्हणालास, "घर चालवतंस तर पावती पण चालव." मला वाटलं, सहज. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. आज त्या चाळीच्या जागी इमारत उभी आहे, नवव्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि दारावर पितळी पाटी आहे. पाटीवर एकच नाव आहे. वाचायला तू नाहीस.

माझ्या मनातलं तुला कळलं कसं, हा प्रश्न मी पाच वर्षं टाळला. तू शहाण्णवला परळच्या हॉस्पिटलात होतास, छातीत आधी कापूस आणि त्यावर मिरची. डॉक्टर म्हणाले होते, फार बोलू देऊ नका. एका दुपारी मी तुझ्या खाटेशी बसून शाळेच्या हजेरीपटात नावं चढवत होतो. तू माझ्याकडे बघून हसायला लागलास. खोकल्यात हसू की हसण्यात खोकला, कळेना.

"काय झालं?"

"ल्हानपणापासून तसोच आसस," तू म्हणालास. "लिवताना ओठ हलवतंस."

माझं पेन थांबलं. रविवार, खाट, पहिला रकाना. कुटुंबप्रमुख, आणि पुढे माझं नाव. मी आवाज काढला नव्हता. पण ओठ?

तू माझा हात धरलास. तुझ्या नखांत अजून लाल होतं.

"प्रमुख व्हायचं होतं तर सांगायचंस ना रे, बाळ्या. माका दोन नंबराक लिवायचंस. मी काय नाय म्हणणार होतो?"

मी काय बोललो? इतक्या कविता पाठ असलेला मी, "पडून राहा, दम लागेल," असलं काहीतरी पुटपुटलो आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो. नळाशी किती वेळ उभा होतो! परत आलो तेव्हा तुला झोप लागली होती. नंतर चार दिवस मिळाले. त्या चार दिवसांतही मी माफी मागितली नाही.

आता रविवारचं. मुक्ता गेल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. पहिला विचार काय आला, सांगू? तिला फोन करावा आणि म्हणावं, चुकलो, तो घरीच होता, त्याला आपल्या घरात घाल, सगळ्यांत वर, कुटुंबप्रमुख म्हणून. एका खुणेचं काम! त्या सॉफ्टवेअरमध्ये घराची एकच नोंद असते, आणि त्या घरातल्या माणसांपुढे खूण केली की झालं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "वा. म्हणजे घालवलंत तुम्ही, आणलंतही तुम्ही. त्यात ते होते कुठे?"

बरोबर बोलली. तुला आता चौतीस वर्षांनी घरात घेणं ही पुन्हा माझीच सोय. तू त्या दिवशी जिथे जाऊन बसलास ती जागा तुझी होती. तू स्वतः निवडलेली, धुतलेला सदरा घालून. ती पुसणारा मी कोण?

म्हणून येत्या रविवारी, मुक्ताने ती वंशावळ पाठवायच्या आधी, मी तिला शेजारी बसवणार आणि ते गावाचं नाव खोडायला लावणार. तिथे लिहायचं: एक मार्च एकोणीसशे एक्याण्णव, सूर्योदय. लालबाग, गिरणीच्या भिंतीशी. साचेवाला, संपावर. आणि खाली टिपेत: घर होतं.

ते सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला पुरावा मागतं. हे कशावरून, कोणी सांगितलं? मुक्ता म्हणते, एखादा कागद जोडता येतो, मग ज्याच्याकडे वंशावळ जाईल त्याला तो उघडून वाचता येतो. माझ्याकडे तुझ्या त्या दिवसाचा दुसरा कागद नाही. हे पत्र आहे. तेच जोडणार. विजू वाचेल, गावचे वाचतील, मुक्ताची पोरं होतील तीही वाचतील. मुक्ता वाचताना मी उठून दुसऱ्या खोलीत जाणार नाही. हॉस्पिटलात पाणी आणायला गेलो तसा जाणार नाही. समोर बसून राहीन, हा शब्द तुला देतो.

आणि ती टाइप करील तेव्हा मी एकेक शब्द सांगेन. तू माझ्या ओठांकडे बघू नकोस, दादा. या वेळी गरज पडणार नाही. मी मोठ्याने म्हणणार आहे.

तुझा, दोन नंबरचा,
बाळ्या